अफूबाज पाहिजे

पहिले रीळ

कोणत्याही प्रगत राष्ट्राला आपले व्यसन पडद्यावर दाखवायचे झाले, तर त्यासाठी दुसऱ्या एखाद्या राष्ट्राची गरज लागते. घरचा केर दाखवताना माणूस शेजाऱ्याच्या उंबऱ्यापासून सुरुवात करतो, तसेच हे.

विलायतेतील पर्किन्स नावाचे दिग्दर्शक 'धुराचे कैदी' हा व्यसनविरोधी बोलपट काढीत होते. लंडनमधल्या एका खानदानी तरुणाला अफू लागते, त्याची धूळधाण होते आणि शेवटी त्याची वाग्दत्त वधू त्याला वाचवते, असे कथानक. ही अफू मुळात आली कोठून, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे झाले असते, म्हणून पूर्वेकडचा एखादा देश घ्यायचे ठरले. (पूर्वी जहाजे भरभरून ही अफू चीनला कोणी विकली, हा मजकूर पहिल्या खर्ड्यात होता म्हणतात. लांबी वाढते म्हणून तो काढला.) चीनमध्ये परवानगी मिळेना. हाँगकाँग परवडेना. तेव्हा मुंबईच्या एका दुभाष्याने सांगितले की, उस्मानाबादकडचे डोंगर लांबून पाहिले तर कोठलेही वाटतात. अशा रीतीने तेरखेड्याची निवड झाली. कोठलेही वाटण्याचा हा गुण जिल्ह्याने निजाम गेल्यावर, मुंबई राज्य आल्यावर आणि तेही गेल्यावर निष्ठेने टिकवून धरला आहे.

नबीलालला यातले काही माहीत नव्हते. तो गावाबाहेरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये भुईनळे ठासत बसला होता. त्याचा बाप शोभेची दारू करायचा, आजाही करायचा. या घराण्यात तीन पिढ्या कोणी विडी ओढलेली नव्हती. यात सद्गुणाचा भाग थोडा होता. आजाच्या एका भावाने एकदा शेडमध्ये ओढली होती. त्याचे नाव घरात अजून घेतात, पण कबर दाखवता येत नाही.

ही गोष्ट सरकारलाही पटलेली होती. दारू ठासणाऱ्याला दर दसऱ्याला परवाना नवा करून घ्यावा लागे आणि त्याबरोबर 'सदर इसम संपूर्ण निर्व्यसनी आहे' असा नशाबंदी समितीचा दाखला जोडावा लागे. देशात निर्व्यसनी माणसे पुष्कळ असतील. पण त्यांच्याकडे पुरावा काय?

दुसरे रीळ

नशाबंदी समितीचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा हे किराणा मालाचे व्यापारी. समाजकार्याची तळमळ त्यांना गल्ल्यावर बसल्या बसल्या लागे. त्यांच्या कारकिर्दीत तालुक्यातील व्यसनाचे प्रमाण पहिल्या वर्षी निम्म्यावर आले, दुसऱ्या वर्षी पावावर आले आणि तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी, सभेच्या ठरावाने संपले. त्याबद्दल समितीला चांदीची ढाल मिळाली. ती दुकानात गुळाच्या ढेपेवर भिंतीला टांगलेली असे.

आणि आता वरून हुकूम आला की, विलायती पाहुण्यांना एक अस्सल अफूबाज पुरवावा.

समिती बसली. अफू खाणारे गावात होते, हे समितीला चांगले माहीत होते. उपाध्यक्ष धोंडीबा पाटील तर सभेच्या आधी वाटाण्याएवढी गोळी जिभेखाली धरत आणि त्याशिवाय त्यांना अफूच्या दुष्परिणामांवर बोलता येत नसे. पण अफूबाज दिला, तर तो आला कोठून? ढाल परत करावी लागणार. नाही दिला, तर वरच्यांचा हुकूम मोडला. मग गुरुसिद्धप्पांना सुचले. त्यांनी नबीलालला बोलावून घेतले.

"नबीलाल, तालुक्याची अब्रू तुझ्या हातात हाय बघ."

"अप्पा, म्या विडीसुदिक वढत न्हाय."

"म्हणून तर बोलावलं! वढणारा पाठवला तर आमी खोटे पडू. तू दिसशील व्यसनी, पण कागदावर न्हाईस. समद्या तालुक्यात बिनधोक व्यसनी म्हंजे तूच."

"दोन दिस पडून ऱ्हायचं अन् डोळे अर्धे झाकायचे," धोंडीबा पाटील म्हणाले. त्यांचे स्वतःचे तसेच होते. "झोपायचे पैशे मिळत्यात का कुठं?"

"अन् दसऱ्याला परवाना?"

"दाखला देणारा कोन? मीच की!" गुरुसिद्धप्पांनी ढालीकडे पाहून सांगितले.

नबीलालला नाही म्हणायला तोंड उरले नाही. दिवाळीच्या मालावर त्याचे वर्ष चाले आणि तो माल त्या एका दाखल्यावर चाले. घरी त्याने हमिदाबीला सांगितले, तेव्हा ती भाकरी थापायची थांबली.

"अजी, चाळीस बरस बिडी को हात नै लगाए. अब सरकार बोली तो अफू?"

"खाने की नै है. दिखाने की है."

"खाए तो एक का घर जाता जी," हमिदाबी म्हणाली, "दिखाए तो गाँव देखता." आणि तिने भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

पर्किन्ससाहेबांनी नबीलालला पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. गंधकाने पिवळी पडलेली बोटे, धुराने लाल झालेले डोळे, बसलेले गाल, भुवया मुळातूनच नाहीत. दुभाष्याने भाषांतर केले: "साहेब म्हणतात, व्यसनाने केलेला एवढा विध्वंस त्यांनी एका चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता." इमानदारीच्या धंद्याने माणसाचे रूप असे होते, हे साहेबांना कोणी सांगितले नाही. साहेब पाहुणे होते.

आता प्रश्न अभिनयाचा. नबीलाल धोंडीबा पाटलांच्या ओसरीवर गेला.

"पाटील, अफू खाल्ली की कसं व्हतं?"

"तुला कुणी सांगितलं म्या खातो?"

"कुणीच न्हाय. चुकून इचारलं."

"मग बस." पाटलांनी डबी काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि अर्ध्या घटकेत ते ताठ बसले. त्यांनी भावकीतला बांधाचा एक तंटा मिटवला, गड्याला शिव्या न देता हाक मारली, बासुंदी मागवली आणि पोट साफ होत नसल्याची तक्रार केली. नबीलालने सगळे नीट डोळ्यांत साठवले.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर तो ताठ बसला, लोकांशी गोड बोलला आणि बासुंदी मागितली. पर्किन्ससाहेबांनी डोक्याला हात लावला. अफू म्हणजे असे नसते, असे त्यांनी दुभाष्यामार्फत कळवले. मग बंगल्यावर जाऊन दोन पेले पिऊन आले आणि त्यांनी स्वतः करून दाखवले. ते झोकांडले, भिंतीला धरून हसले, रडले आणि धुळीत पालथे पडले. सारा गाव पाहत राहिला. नशाबंदीच्या मुलुखात दारू पिण्यासाठी साहेबांनी रीतसर परवाना काढलेला होता. म्हणजे चित्रीकरणाच्या जागी कागदोपत्री पिणारा एकच इसम हजर होता आणि तो कॅमेऱ्याच्या मागे होता.

नबीलालने मग साहेबांसारखे केले. ते एका दमात पसंत पडले.

अफूची नळी लागली. आमच्याकडे अफू गिळतात, ओढत नाहीत, असे एकाने सांगून पाहिले, पण त्याला मागे ढकलण्यात आले. जुन्या सनईची पिपाणी काढून नळी तयार केली. धूर लागला. अफूच्या अड्ड्यात दाट, निळसर, जमिनीलगत लोळणारा धूर हवा होता. तो कोणालाच करता येईना. शेवटी तोही नबीलालनेच करून दिला. धूर त्याचा, चेहरा त्याचा, आणि नशा पर्किन्ससाहेबांची.

एक अडचण राहिली. शेंगा काढायला गेलेल्या बायांची तान्ही मुले पलीकडच्या लिंबाखाली झोळ्यांत असत. ती रडत आणि ध्वनिमुद्रण बिघडे. साहेब ओरडले, दुभाषी ओरडला, मुले अधिक रडली. मग नागम्माला बोलावले. ही कानडी मुलखातल्या आळंदकडून तेरखेड्याला दिलेली म्हातारी; कोणाच्याही पोराला 'तम्मा' म्हणे. रोजगाराला जाणाऱ्या बायांची मुले सांभाळण्याचा तिचा पन्नास वर्षांचा धंदा. ती एका झोळीपासून दुसरीकडे गेली. थोड्या वेळाने लिंबाखाली असे शांत झाले की, पाने पडल्याचे ऐकू यावे. ध्वनिमुद्रकाने टोपी काढून तिचे आभार मानले.

तिसरे रीळ

(हे रीळ कापलेले आहे. लिंबाखाली काय झाले एवढेच त्यात होते. कॅमेऱ्याचे तोंड तेव्हा दुसरीकडे असल्यामुळे मुख्य कथेला बाधा येत नाही.)

मध्यंतर

येथे वाचकांनी चहा, विडी, सुपारी, ज्याला जे लागत असेल ते घेऊन यावे. तोवर विलायतेत काय झाले ते सांगतो.

बोलपट पुरा झाला. त्याच्या एकंदर लांबीपैकी निम्म्या लांबीत नायक व्यसन करी आणि उरलेल्या निम्म्यात पस्तावे. जाहिरातीत पहिली निम्मीच घेतली. तिकडच्या सेन्सॉरने तो लहान मुलांनाही दाखवण्यास हरकत नाही असे कळवताच निर्मात्यांच्या घरी सुतक आले. त्यांनी घाईने वाग्दत्त वधूच्या स्नानाचा एक प्रसंग जोडला, तेव्हा कोठे 'फक्त प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र मिळाले आणि पेढे वाटले गेले.

मग भिंतींवर कागद लागले:

सत्य! भीषण! उद्बोधक!
आपल्या मुलांना यापासून वाचवा!
(तिकिटे आगाऊ मिळतील)

त्याखाली नबीलालचा चेहरा, पुरुषभर उंच. थिएटरच्या दारात एक डॉक्टर आणि एक खाट ठेवण्यात आली. बोलपट पाहून घेरी आल्यास उपचार फुकट. पहिल्या आठवड्यात कोणालाच घेरी येईना, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून पगारी बाई ठेवली. मध्यंतरात प्रेक्षक बाहेर येऊन सिगारेटी पेटवीत आणि पेला हातात घेऊन व्यसनाच्या दुष्परिणामांवर बोलत. पर्किन्ससाहेबांना पदक मिळाले. वर्तमानपत्रांनी लिहिले की, नटांनी कामे केली, पण त्या पूर्वेकडच्या माणसाने केले ते काम नव्हतेच.

हे वाचून निर्मात्यांना कल्पना सुचली. शेवटी नावांची जी पाटी येते, तीत नटांची नावे आणि त्यांच्या भूमिका होत्या. नबीलालपुढे त्यांनी घातले: 'अफूबाज: स्वतः.'

चौथे रीळ

दीड वर्षाने 'धुराचे कैदी' तेरखेड्यात आला. नशाबंदीच्या प्रचाराचा बोलपट म्हणून त्याला कर माफ होता. स्नानाचा प्रसंगही प्रचारातच धरला गेला. तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या शब्बीर तंबूवाल्याने बाजारच्या दिवशी छकड्यावर कर्णा बांधला आणि गावभर फिरला.

"आइये, आइये! देखो, सुधरो! विलायतेत गाजलेला, तुमच्या गावचा, जिंदा अफूबाज! पिक्चर इंग्रजीत, मजा मराठीत! बायांना बसायला निराळी जागा! विड्या-काड्या आतच मिळतील!"

नबीलाल हमिदाबीला घेऊन गेला. नवे धोतर नेसून गेला. आपण केलेला धूर कसा दिसतो ते पाहायची त्याला हौस होती. धूर फार चांगला दिसला. त्यातून त्याचा चेहरा वर आला, तेव्हा तंबूत आधी शिट्ट्या झाल्या आणि मग एकदम गप्प झाले. लोक पडद्यावरच्या नबीलालकडे पाहत, मग मान वळवून खालच्याकडे पाहत. शेवटी 'अफूबाज: स्वतः' ही पाटी आली. शाळेचे हेडमास्तर पुढे बसले होते. त्यांनी ती मोठ्याने मराठीत वाचून दाखवली.

आता येथे गावाची विचारसरणी समजून घेतली पाहिजे. नबीलालला गाव जन्मापासून ओळखत होते. तो निर्व्यसनी आहे हे गावाने डोळ्यांनी पाहिले होते. पण तेरखेड्यात पाहिले होते. लंडनमध्ये दिसले ते निराळे पडते. एवढ्या लांबून येऊन, एवढा खर्च करून, गोरा माणूस खोटे कशाला बोलेल? मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. धोंडीबा पाटलांनी ओसरीवरून सुनावले, "नबीलाल, इथं बसत जाऊ नगंस. लोक मला नावं ठेवत्याल."

तालुक्याच्या गावी परवाना देणाऱ्या साहेबांनीही खेळ पाहिला होता, दोनदा. दसऱ्याला नबीलाल गेला, तेव्हा त्यांनी दाखला वाचला आणि बाजूला ठेवला.

"यात लिहिलंय निर्व्यसनी. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"सायब, ते नाटक हुतं."

"नाटक बाकीच्यांचं. तुमच्यापुढं 'स्वतः' असं आहे."

नबीलालने गुरुसिद्धप्पांकडे पाहिले. गुरुसिद्धप्पांनी छपराकडे पाहिले.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी वाटही दाखवली. नियमानुसार सुधारलेल्या व्यसनी इसमास परवाना देता येत होता. त्यासाठी व्यसनमुक्तीचे प्रमाणपत्र हवे. मुक्त व्हायला आधी व्यसनी म्हणून नोंद हवी. आणि नोंद या तालुक्यात होणार नाही, कारण या तालुक्यात व्यसनी नाहीत. ढाल आहे.

पाचवे रीळ

नबीलालची नोंद शेजारच्या तालुक्यात, मावसभावाच्या पत्त्यावर झाली. ज्या माणसाने जन्मात अफू चाखली नव्हती, त्याला सरकारी दुकानातून महिन्याची अफू मिळू लागली. सवय तुटावी म्हणून ती दर महिन्याला थोडी कमी होत वर्षाने संपायची होती. न नेल्यास उपचारात कसूर केली असे ठरे. म्हणून तो ती आणी आणि रात्री मागच्या दाराने धोंडीबा पाटलांकडे पोचवी. इतकी निर्भेळ अफू पाटलांना निजामाच्या अमदानीनंतर प्रथमच मिळत होती. सरकारच्या या योजनेविषयी ते सभेत गहिवरून बोलत. महिन्यागणिक पुडी हलकी होत गेली, तशी त्यांची प्रकृती मात्र बिघडत गेली.

त्या दिवाळीत नबीलालच्या शेडला कुलूप होते. हमिदाबी लोकांच्या शेंगा फोडायला जाई. "अफूबाज की औरत" असे बाया तिच्यामागे म्हणत. ती एकदा घरी येऊन म्हणाली, "अजी, सच्ची खाते रहते तो अच्छा था. पाटील बन जाते." नबीलालला हसू आले नाही.

वर्ष सरले. अफू शून्यावर आली. नबीलाल व्यसनमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र निघाले आणि समितीने त्याचा सत्कार ठरवला. (तालुक्यात नसलेले व्यसन सोडवल्याबद्दल समितीला आणखी एक ढाल मिळायची होती.) शाळेच्या पटांगणात मांडव पडला. साहेब परवाना घेऊन आले. गुरुसिद्धप्पांचे भाषण झाले. मग साहेबांनी सभेला विचारले, "या सुधारलेल्या माणसाकडे पाहा आणि सांगा. ज्यांनी आयुष्यात कधीही अफू तोंडात घातली नाही, त्यांनी हात वर करा!"

अख्ख्या मांडवाचे हात वर गेले. गुरुसिद्धप्पांचा गेला. धोंडीबा पाटलांचा थरथरत, पण गेला. साहेबांचाही गेला. फक्त नबीलालला हात वर करता येईना. प्रमाणपत्र आडवे येत होते.

आणि बायांच्या बाजूने कोणीतरी खदखदून हसले.

"अय्यो शिवा!" नागम्मा काठी टेकत उभी राहिली. "हात खाली घ्या रं! समद्यांना म्याच चाटवलीया. तुमच्या माया शेंगा काढायला जायच्या, अन् तुमी टाहो फोडायचा. मोहरीएवढी बोटावर घ्यायची अन् टाळूला लावायची. की गप! गुरुसिद्धप्पा, तुला तर दोनदा लागायची. तुझ्या मायनं मला लुगडं दिलंय त्यासाठी."

मांडवातले हात कोठे ठेवावेत हे कोणाला समजेना.

"म्हातारे, गप बस!" गुरुसिद्धप्पा ओरडले. "सायब बसल्यात!"

"सायेब, तुमचं मूळ गाव कंचं?" नागम्माने आदराने विचारले.

साहेबांनी जळकोट सांगितले.

"मग तिथं माजी थोरली भैन हाय की!"

साहेबांनी हात हळूच खाली घेतला आणि त्याच हाताने टेबलावरचा परवाना सारखा केला.

"ढाल द्यायची तर मला द्या," नागम्मा आता रंगात आली होती. "पन्नास वर्सांत एक पोर वरडू दिलं न्हाय. फकस्त ह्यो एक." तिने काठी नबीलालकडे केली. "ह्याच्या मायला दारूच्या घरात बाहेरची वस्तू नगं असायची. ह्यालाच तेवढी लावली न्हाई. रात रात रडायचा तम्मा, आळी जागी ठेवायचा!"

साहेबांनी परवान्याकडे पाहिले, मग प्रमाणपत्राकडे. ते हिशेबी माणूस. ज्याला व्यसन कधी नव्हतेच, तो व्यसनमुक्त कसा? आणि मुक्त नसेल, तर प्रमाणपत्र खोटे. प्रमाणपत्र खोटे असेल, तर परवाना देता येत नाही. त्यांनी परवाना उचलून पुन्हा पिशवीत घालायला घेतला.

नबीलालने हमिदाबीकडे पाहिले. शेंगा फोडून फोडून तिच्या बोटांची टोके सोललेली होती आणि तिने ती पदरात गुंडाळलेली होती.

"सायब," तो उठून म्हणाला, "म्हातारीला इसर पडलाय. मला तर समद्यात जास्ती चाटवली हुती."

मांडव टाळ्यांनी कोसळायचा राहिला. साहेबांनी परवाना नबीलालच्या हातात दिला. गुरुसिद्धप्पांनी हार घातला. धोंडीबा पाटलांनी त्याला मिठी मारली आणि कानात विचारले, "आता पुडी कायमची बंद व्हय रं?"

नागम्माला दोघींनी धरून बाहेर नेले. जाताना ती नबीलालपाशी थांबली.

"मला खोटी पाडलीस, तम्मा," ती म्हणाली. "तान्हा हुतास, तवा तरी खरं रडायचास."

सहावे रीळ

परवाना मिळाल्यावरच्या दिवाळीला नबीलालने वर्षाची कसर भरून काढली. तोटे, भुईनळे, बाण, गावाबाहेरच्या माळावर लावलेली हजारांची माळ. शेजारच्या वाशी गावापर्यंत आवाज गेला म्हणतात. म्हशींनी दावी तोडली. शब्बीरच्या तंबूचा खांब हलला. देवळातली वटवाघळे दिवसा बाहेर पडली.

लिंबाखालच्या झोळ्यांतले एकही मूल जागे झाले नाही.

वाचकांना वाटत असेल की, ही तेरखेड्याची गोष्ट झाली. सुशिक्षित वाचकांना तर ती वाचून जरा बरेच वाटले असेल. कोणाच्या तरी व्यसनाची गोष्ट वाचून ज्याला बरे वाटते, तो विलायती प्रेक्षकाहून निराळा नसतो. फक्त त्याच्या हातात पेला नसतो, इतकेच. तरीही खात्री करून घ्यायची असेल, तर एक सोपे काम करावे. आई हयात असेल, तर तिला सहज विचारावे की, मी तान्हेपणी कसा होतो.

"लई गुणी हुतास, बाळा. कधी रडलाच न्हाईस," असे ती म्हणाली, तर पुढे काही विचारू नये.